गच्चीवरून हायड्रोजन रेषा: सॉबर्ड एच-वन, आरटीएल-एसडीआर आणि जाळीच्या डिशचं परीक्षण

आकाशगंगेतल्या हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची रेषा, म्हणजे तो 1420 मेगाहर्ट्झला सोडत असलेली मंद रेडिओ लहर, घरच्या गच्चीवरून पकडायची म्हटली की हौशी मंडळींत हल्ली एकच त्रिकूट सुचवलं जातं. नूइलेकचा सॉबर्ड प्लस एच-वन हा अॅम्प्लिफायर, आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही-3 किंवा व्ही-4 डोंगल (संगणकाच्या यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर), आणि 2.4 गिगाहर्ट्झ वायफायसाठी विकली जाणारी साधारण 100 बाय 60 सेंटिमीटरची जाळीची डिश. संच चालतो, चांगला चालतो. पण तिन्ही वस्तू सारख्या मोलाच्या नाहीत. अॅम्प्लिफायरवर हात आखडता घेऊ नका, डोंगल अस्सल घ्या, आणि नवी डिश मागवण्याआधी गावातल्या जुन्या केबलवाल्याकडे एक चक्कर टाका.

आधी सॉबर्ड. काडेपेटीएवढ्या या पाटीवर कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर आणि 1420 मेगाहर्ट्झभोवतीचा अरुंद पट्टा सोडणारा सॉ फिल्टर एकत्र बसवलेले आहेत. एकूण वर्धन सुमारे 40 डेसिबल. वीज 3 ते 5.5 व्होल्ट, तीही बायस टीने, म्हणजे सिग्नलच्याच केबलमधून वीज पाठवणाऱ्या जोडणीने, देता येते, त्यामुळे डिशपाशी वेगळी वायर ओढावी लागत नाही. फिल्टर अॅम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यानंतर आहे आणि तिथेच असायला हवा, कारण आधी ठेवला तर त्याचा क्षय थेट गोंगाटात जमा होतो. याची दुसरी बाजूही ओळखून असा. मोबाइलचा टॉवर समोरच्याच इमारतीवर असेल तर 900 किंवा 1800 मेगाहर्ट्झचा जोरदार सिग्नल फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच पहिला टप्पा दमवू शकतो. अशा जागी डिशची पाठ टॉवरकडे करणं हाच पहिला उपाय. फिल्टर नसलेल्या स्वस्त पाट्या, उदाहरणार्थ एसपीएफ 5189 झेड चिपच्या, खेड्यात बऱ्यापैकी काम देतात. मुंबई-पुण्यात त्या टॉवरच्या सिग्नलखाली दबून जातात. म्हणून शहरातल्या माणसाने सॉबर्डचे जास्तीचे पैसे बिनदिक्कत द्यावेत.

सॉबर्डचा पुरा फायदा मात्र तो फीडला, म्हणजे डिशसमोर लहरी गोळा करणाऱ्या छोट्या अँटेनाला, चिकटून बसवला तरच मिळतो. आरजी-58 केबल 1420 मेगाहर्ट्झवर मीटरमागे साधारण 0.65 डेसिबल खाते. अशी एक मीटर केबल अॅम्प्लिफायरच्या आधी आली तर यंत्रणेच्या गोंगाटात (तो तापमानासारखा केल्विनमध्ये मोजतात) जवळपास 47 केल्विनची भर पडते, आणि चांगल्या जुळणीत सगळ्या यंत्रणेचा गोंगाटच दीडशे केल्विनच्या आसपास असतो. अॅम्प्लिफायरनंतर दहा मीटर केबल टाकली तरी बिघडत नाही, कारण 40 डेसिबल आधीच हातात आलेले असतात. तिथे डीटीएचची 75 ओहमची आरजी-6 सुद्धा खुशाल वापरा. न जुळणाऱ्या रोधामुळे होणारं नुकसान 0.2 डेसिबलच्या आत राहतं. फक्त एफ-टू-एसएमए जोड लागेल.

डोंगलबद्दल फार लिहायला नको. 8 बिट, 2.4 मेगाहर्ट्झची रुंदी, अॅल्युमिनियमचं कवच, 1 पीपीएम (दहा लाखांत एक) अचूकतेचा तापमान-स्थिर स्फटिक आणि सॉफ्टवेअरमधून चालू होणारा 4.5 व्होल्टचा बायस टी. या कामात डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे स्रोत जवळ किंवा लांब जात असल्याने, दर सेकंदाला 1 किलोमीटर वेगासाठी वारंवारता 4.74 किलोहर्ट्झने सरकते. 1 पीपीएमची चूक म्हणजे 1.4 किलोहर्ट्झ, म्हणजे वेगात 0.3 किलोमीटरचा फरक. एवढं पुरे. बाजारातल्या निळ्या प्लास्टिकच्या बिनानावाच्या डोंगलमध्ये हा स्फटिकही नसतो आणि बायस टीही नसतो, ते घेऊ नका. व्ही-4 मध्ये कमी वारंवारतेची सोय सुधारली आहे. तिचा इथे काही उपयोग नाही, उलट त्याला स्वतःचे ड्रायव्हर लागतात. हातात व्ही-3 असेल तर बदलू नका. बायस टी चालू असताना अँटेना थेट डोंगलला लावू नये, कारण बऱ्याच फीडमध्ये डीसीला सरळ शॉर्ट असतो.

आता डिश, आणि खरी मेहनत इथेच आहे. वायफायच्या जाळीचा आकार, वजन, वारा सोसण्याची ताकद, सगळं गच्चीला सोयीचं आहे. अडचण फीडची. त्यातला डायपोल, म्हणजे दोन भुजांची अँटेना, 2.4 गिगाहर्ट्झसाठी कापलेला, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सहा सेंटिमीटरच्या आसपास असतो. 1420 मेगाहर्ट्झला तो दहा सेंटिमीटर हवा. आहे तसा वापरला तरी आकाशगंगेची रेषा दिसते, पण फिकी. फीडची टोपी उघडून दोन्ही भुजांना तांब्याची पट्टी सोल्डर करा, प्रत्येक भुजा 5 सेंटिमीटर भरली पाहिजे. मागची परावर्तक पट्टी डायपोलपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे 5.3 सेंटिमीटरवर आणि डायपोलपेक्षा थोडी लांब, 11 ते 12 सेंटिमीटर ठेवा. जुन्या टोपीत हे मावत नाही, त्यासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि झाकण वापरा. जोडताना जाळीच्या मुख्य सळ्या डायपोलला समांतर आहेत ना, हे पाहा. काटकोनात बसल्या तर परावर्तन जवळजवळ शून्य होतं, आणि बाकी सगळं ठीक असूनही पडद्यावर काहीच येत नाही.

या डिशचा झोत, म्हणजे तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, एका दिशेला सुमारे 15 अंश आणि दुसऱ्या दिशेला 25 अंश रुंद पडतो. रेषा दिसायला तो पुरतो, सर्पिल भुजा वेगळ्या काढायला कमी पडतो. म्हणूनच सी-बँडची, म्हणजे जुन्या उपग्रह टीव्हीची, जाळीची डिश मिळत असेल तर तीच घ्यावी. सहा फुटी डिशचा झोत 8 अंशांचा, आठ फुटीचा 6 अंशांचा. कित्येक गावांत अशा डिश केबलवाल्यांच्या गच्चीवर गंजत पडल्या आहेत. जाळीची भोकं तरंगलांबीच्या दहाव्या भागापेक्षा, म्हणजे 2.1 सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावीत. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या अँटेनांवरही पोलादी तारेची जाळीच आहे. मध्यभागी 10 मिलिमीटरचे चौकोन आणि कडेला 20 मिलिमीटरचे. तीच दुर्बीण 1450 मेगाहर्ट्झपर्यंत काम करते, तेव्हा जाळी म्हणजे कमअस्सल पर्याय असं समजू नये. घरावरची 60 सेंटिमीटरची डीटीएच डिश मात्र या कामाला घेऊ नका. तरंगलांबीच्या तिप्पटही नसलेला परावर्तक फार काही गोळा करत नाही.

सी-बँड डिशला फीड म्हणून पत्र्याचा गोल डबा उत्तम. आतला व्यास 14 ते 16 सेंटिमीटर. 12.4 च्या खाली गेलात तर 1420 मेगाहर्ट्झची लहर डब्यात शिरतच नाही, 16.1 च्या वर गेलात तर नको असलेला दुसरा मोड उभा राहतो. 15 सेंटिमीटरच्या डब्यात बंद तळापासून 9.3 सेंटिमीटरवर भोक पाडून एसएमए किंवा एन कनेक्टर बसवा आणि आत 5.2 सेंटिमीटरची जाड तांब्याची तार उभी करा. डब्याची लांबी 20 सेंटिमीटरपेक्षा कमी नको. केंद्र, म्हणजे लहरी एकवटतात तो डिशसमोरचा बिंदू, शोधायला डिशच्या व्यासाचा वर्ग करा आणि त्याला खोलीच्या 16 पटीने भागा. 180 सेंटिमीटर व्यास आणि 30 सेंटिमीटर खोली असेल तर केंद्र 67.5 सेंटिमीटरवर. डब्याचं तोंड तिथे आणा, मग दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे सरकवून सूर्यावर जास्तीत जास्त वाचन घ्या.

जुळणी झाली की सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी एक चाचणी करा. ट्यूनर आणि आरटीएल चिप या दोन्ही ठिकाणचे स्वयंचलित वर्धन बंद करा, ट्यूनरचं वर्धन मध्यावर ठेवा. डिश मोकळ्या आकाशाकडे रोखून गोंगाटाची पातळी लिहा, मग फीड जमिनीकडे किंवा जवळच्या भिंतीकडे वळवा. जमीन 300 केल्विनची, आकाश थंड, त्यामुळे पातळी 3 ते 5 डेसिबलने चढली पाहिजे. 2 डेसिबलच्या खाली फरक आला तर पुढे जाऊच नका. बायस टी बंद राहिला आहे, अॅम्प्लिफायर उलटा लागला आहे, वर्धन जास्त होऊन डोंगल भरून गेला आहे, किंवा सोल्डर कच्चा आहे. कारण बहुधा या चारांतच सापडतं. वायफायच्या डिशवर सूर्य घेतला तर दीडएक डेसिबलची वाढ दिसायला हवी.

विंडोजवर एसडीआर-शार्प आणि त्याचं आयएफ अॅव्हरेज प्लगइन, लिनक्सवर जीएनयू रेडिओ किंवा व्हर्गो. 2.4 मेगाहर्ट्झची रुंदी 1024 कप्प्यांत विभागली की एक कप्पा 2.3 किलोहर्ट्झचा होतो, म्हणजे वेगात अर्धा किलोमीटर. मिनिटभराची सरासरी घेतली तरी गोंगाटाचं चढउतार केल्विनच्या अर्ध्याच्या आत येतं, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यातून मिळणारा सिग्नल कित्येक केल्विनचा असतो. मग अडतं कुठे? फिल्टरच्या स्वतःच्या वाकड्या आलेखापाशी. त्या टेकड्याच कित्येक जण हायड्रोजन समजून बसतात. म्हणून प्रत्येक मोजणीला थंड, म्हणजे फारसा हायड्रोजन नसलेल्या, आकाशाच्या वर्णपटाने भागलंच पाहिजे. अँटेनाऐवजी 50 ओहमचा टर्मिनेटर (बंद रोध) लावूनही ही पायारेषा मिळते, पण फीडची जुळणी वेगळी असल्याने आलेख पूर्ण सपाट होत नाही. थंड आकाश केव्हाही उजवं.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना इथे एक देणगी आहे. डिश सरळ डोक्यावर रोखा आणि हलवूच नका. पुण्याच्या 18.5 अंश अक्षांशावरून आकाशगंगेचा पट्टा 24 तासांत दोनदा माथ्यावरून जातो. एकदा मृग-मिथुनाच्या बाजूने, विषुवांश (आकाशातले रेखांश, तासांत मोजलेले) 6 तासांच्या सुमारास. दुसऱ्यांदा शर आणि गरुडाच्या बाजूने, विषुवांश साडेएकोणीस तासांच्या सुमारास. पहिल्या वेळी एक निमुळता उंचवटा दिसतो, दुसऱ्या वेळी वेगवेगळ्या वेगांचे ढग एकापुढे एक आल्याने रुंद, फाटलेला आलेख. मधल्या काळात, विषुवांश पावणेतेरा तासांना, अरुंधती केशातला आकाशगंगेचा उत्तर ध्रुव माथ्यापासून नऊ अंशांच्या आत येतो, आणि तिथे हायड्रोजन खूपच कमी असतो. म्हणजे पायारेषाही त्याच दिवशी, त्याच स्थितीत मिळते.  फिरवायची मोटर वगैरे पहिल्या वर्षी विकत घेऊच नये.

मिळालेला उंचवटा खरा कशावरून? तो रोज 4 मिनिटं लवकर यायला हवा. शेजारच्या एलईडी दिव्याचा किंवा चार्जरचा सिग्नल घड्याळाप्रमाणे येतो, आकाशातला नक्षत्रकाळाप्रमाणे. दुसरी खूण आणखी भक्कम. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटरने धावते. सप्टेंबरच्या अखेरीस ती मृग-मिथुनाच्या दिशेने जात असते, मार्चमध्ये तिथून दूर. त्यामुळे त्या भागातली रेषा या दोन वेळच्या मोजण्यांमध्ये जवळपास 280 किलोहर्ट्झने सरकते, म्हणजे शंभराहून अधिक कप्पे. इतक्या स्वस्त सामानात पृथ्वीचं भ्रमण आलेखावर उमटतं, यासाठीच हा संच शाळा-कॉलेजांनी घ्यावा असं आग्रहाने म्हणावंसं वाटतं.

परग्रहावरचा संदेश ऐकायच्या आशेने कोणी घेत असेल तर स्पष्ट सांगायला हवं, ते या आकाराचं काम नाही. फ्रँक ड्रेक यांनी 1960 मध्ये ग्रीन बँकला याच वारंवारतेभोवती 26 मीटरच्या अँटेनाने दोन तारे ऐकले, तेही हाती काही न लागता. 1400 ते 1427 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रक्षेपणाला जगभर मनाई आहे, तरी तुमच्या पडद्यावर सुईसारखी रेघ आली तर ती घरातल्याच कुठल्यातरी यंत्राची असणार. लॅपटॉप दोन-तीन मीटर लांब न्या, यूएसबी केबलला फेराइट लावा, आणि एकेक उपकरण बंद करून बघा.

उन्हाळ्यात अॅम्प्लिफायर तापला की वर्धन खाली घसरतं आणि पायारेषा दुपारभर सरकत राहते. त्याला पांढऱ्या डब्यात, डिशच्या सावलीत ठेवा. जूनच्या आधी प्रत्येक जोडावर स्वतःत चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर साधी काळी टेप. डब्याला तळाशी छोटं भोक हवंच, नाहीतर आत दव साचतं आणि एसएमएच्या पितळेवर हिरवट थर चढतो.

सॉबर्ड आणि डोंगल मिळून परदेशी संकेतस्थळांवर शंभर डॉलरच्या आत पडतात, वर सीमाशुल्क आणि टपाल. मागणी नोंदवताना एन-टू-एसएमए जोड, नर-नर एसएमए तुकडा आणि 50 ओहमचा टर्मिनेटर त्याच पार्सलमध्ये मागवा. फीड आणि अॅम्प्लिफायरमध्ये एकच जोड असावा, दोन-तीन अडॅप्टरची साखळी नको.