सोलर ‘बूस्टर’च्या नावाखाली बाबांचे १८ हजार गेले

इंदिरानगरला आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर आहे. सूर्यघर योजनेतून बसवलेलं, ७८ हजारांची सबसिडीही जमा झाली. त्या कामाबद्दल तक्रार नाही. फसवणूक झाली ती नंतर, मी ऑफिसला गेलेलो असताना.

दुपारी दोघे आले. “काका, तुमचे पॅनल पूर्ण ताकदीने चालत नाहीत. आमचा एआय बूस्टर लावा, युनिट ३० टक्के वाढतील, रोजचा हिशोब मोबाईलवर दिसेल.” बाबांनी १८ हजार यूपीआयने दिले. जिन्यातल्या सॉकेटला एक पांढरा डबा लागला, फोनमध्ये ॲप आलं. पावती साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही.

तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी ॲपमधला युनिटचा आकडा वहीत लिहायचे. १५.८, १६.१, १५.९. एवढ्या सोलरला सरासरी १२ युनिटच्या आसपास मिळतात, पण त्यांचा आनंद बघून मीही गप्प बसलो. ही माझी चूक.

मग एका शनिवारी देखभालीसाठी १० ते ३ लाइट नव्हती, आणि वहीत त्या तारखेला १६.० लिहिलेलं! सोलरचा ग्रिडला (वीज कंपनीच्या लाइनला) जोडलेला साधा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, लाइट गेली की आपोआप बंद होतो, तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका नको म्हणून. मग ऐन उन्हातले युनिट आले कुठून?

मी दिवसभर कोडच लिहितो. इन्व्हर्टरच्या आरएस-४८५ या डेटा पोर्टला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर जोडला आणि पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून दर १० सेकंदांनी मॉडबसवरून (यंत्रांची आकडे देण्याघेण्याची भाषा) वॉट वाचायला लागलो. (इन्व्हर्टरच्या आत कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेत, काय असतं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअल मागून घ्या.) खऱ्या आलेखात ढग आला की खड्डा दिसायचा, साडेतीननंतर शेजारच्या टाकीची सावली आली की उतार लागायचा. ॲपमध्ये मात्र रोज तोच गुळगुळीत डोंगर. एक दिवस डबा चालू, एक दिवस बंद असं दोन आठवडे केलं. काडीचा फरक नाही.

शेवटी डबा उघडला. आत एक वाय-फाय बोर्ड, एक कपॅसिटर, निळा एलईडी. पॅनलकडे जाणारी एकही वायर नाही. पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढायचं काम इन्व्हर्टरमधलं एमपीपीटी आधीपासून करतंच. सॉकेटमधला डबा त्यात काय वाढवणार? खरी वाढ दिसली ती पहाटे पॅनल धुतल्यावर.

असं कुणी दारात आलं तर पैसे देऊ नका. डबा आधीच लावला असेल तर इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचा ‘आजचे युनिट’ हा आकडा ॲपशी ताडून बघा, आजच. त्या दोघांचे फोन बंद आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पैसे अजून परत नाहीत. वही बघवेना म्हणून बाबा ती रद्दीत टाकायला निघाले होते. मी थांबवलं. त्या शनिवारच्या पानाचा फोटो तक्रारीला जोडला आहे.