हार्थस्टोनमधला पहिला स्वस्त डेक: हंटर, झू, इव्हन शामन की कंट्रोल वॉरियर?

हार्थस्टोन या डिजिटल पत्त्यांच्या खेळात नव्या खेळाडूकडे सुरुवातीला जेमतेम एका डेकपुरती (खेळायला घेतलेल्या तीस कार्डांपुरती) डस्ट, म्हणजे कार्ड बनवायचं चलन, जमते आणि ती एकदा घातली की परत मिळवायला वेळ लागतो. बहुतेक जण डेकची एकूण किंमत बघून निवडतात. आमच्या मते दोन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या आहेत: चार-पाच कार्डं नसतानाही तो डेक उभा राहतो का, आणि त्यात घातलेली डस्ट पुढच्या वर्षीही कामाची राहते का. चारही डेक याच दोन कसोट्यांवर लावून पाहिले आहेत.

आधी हिशेब. कार्डं दुर्मिळतेनुसार चार दर्जांची असतात. साधं कॉमन कार्ड बनवायला ४० डस्ट लागते, रेअरला १००, एपिकला ४०० आणि लेजेंडरीला १६००. तीच कार्डं फोडली, म्हणजे मोडून त्यांची डस्ट केली, तर अनुक्रमे ५, २०, १०० आणि ४०० मिळते. म्हणजे एका लेजेंडरीसाठी चार लेजेंडरी फोडाव्या लागतात, पण एका कॉमनसाठी तब्बल आठ कॉमन. त्यामुळे डस्ट कमी पडली म्हणून कॉमन फोडत बसणं सगळ्यात तोट्याचं. १०० गोल्डच्या (खेळातलं दुसरं चलन) पॅकमध्ये पाच कार्डं येतात आणि त्यात निदान एक रेअर किंवा त्याहून वरचं असतं. चार कॉमन आणि एक रेअर असा पडेल पॅक पूर्ण फोडला तरी हातात ४० डस्टच येते. एका लेजेंडरीची खरी किंमत यावरून ताडून बघा.

२०२१ पासून बेसिक आणि क्लासिक संचांच्या जागी फुकटचा कोअर सेट आला. त्यातली कार्डं फोडता येत नाहीत आणि संच दरवर्षी बदलतो. डेकमध्ये कोअरची कार्डं जितकी जास्त, तितकी आज डस्ट कमी लागते. मात्र वर्ष फिरलं की त्यातली काही कार्डं निघून जाऊ शकतात.

फेस हंटर

पहिला डेक म्हणून आमची शिफारस हीच. हंटरची हीरो पॉवर (प्रत्येक क्लासची स्वतःची खास क्षमता) दोन मानात (माना म्हणजे दर टर्नला खर्चायला मिळणारी शक्ती) थेट समोरच्या हीरोला २ डॅमेज देते, त्यामुळे हातातली कार्डं संपली तरी दर टर्नला काहीतरी करता येतं. डेक बहुतांशी कॉमन-रेअरवर चालतो. समजा कोअरबाहेरची १२ कॉमन आणि ६ रेअर बनवावी लागली, तर ४८० अधिक ६०० मिळून १०८० डस्ट झाली. एका लेजेंडरीपेक्षाही कमी.

कार्ड नसेल तर बदली शोधणं इथे सोपं असतं. दोन मानाचा एखादा मिनियन (बोर्डवर उतरवून लढवायचं पात्र) नसेल, तर ३ अटॅकचा दुसरा दोन मानाचा मिनियन घाला. डेक थोडा मंदावेल, मोडणार नाही. आकड्यात सांगायचं तर एक मानाची सहा ते आठ आणि दोन मानाची आठ ते दहा कार्डं असावीत. सुरुवातीच्या हातात चार मानाचं काही आलं तर ते परत टाकायचं, कितीही आवडतं असलं तरी.

नवे खेळाडू हरतात ते डॅमेज मोजत नाहीत म्हणून. किल कमांड हे स्पेल तुमच्या फॉरमॅटमध्ये (कोणते संच चालतात त्या प्रकारात) असेल तर तीन मानात ३ डॅमेज देतं, तुमच्याकडे बीस्ट (प्राणी जातीचा मिनियन) असेल तर ५. त्याला हीरो पॉवर जोडा, पाच मानात ७ डॅमेज झालं. समोरच्याची हेल्थ ७ वर आली की त्याच्यापुढे टॉन्टची (ज्यांच्यावर आधी हल्ला करावा लागतो अशा मिनियनची) भिंत असली तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही वार सरळ हीरोवर जातात. म्हणून चौथ्या टर्नपासूनच ‘पुढच्या दोन टर्नमध्ये माझ्याकडे किती डॅमेज आहे’ हे मोजत राहा आणि किल कमांड मिनियनवर उगाच वाया घालवू नका. चिलखत चढवणाऱ्या वॉरियरसमोर मात्र हा डेक दमतो, त्यावर स्वस्त इलाज नाही.

झू वॉरलॉक

खर्च साधारण हंटरइतकाच, पण खेळ वेगळा. इथे लहान मिनियन मांडून बोर्ड ताब्यात ठेवायचा आणि कार्डं संपत आली की वॉरलॉकची हीरो पॉवर, लाइफ टॅप, वापरायची: दोन माना आणि स्वतःची २ हेल्थ देऊन एक कार्ड. कोणत्या मिनियनने कोणाला मारायचं, हे शिकायला यासारखा डेक नाही, आणि ते शिकलेलं पुढे प्रत्येक डेकमध्ये उपयोगी पडतं. शिवाय यात न्यूट्रल (कोणत्याही क्लासला चालणारी) कार्डं बरीच बसतात. ती क्राफ्ट केली तर उद्या क्लास बदलला तरी सोबत येतात. हंटरच्या स्वतःच्या कार्डांबाबत तसं होत नाही.

अडचण बोर्ड साफ करणाऱ्या स्पेलची. बोर्डवर सात मिनियन मावतात म्हणून सातही मांडले, आणि समोर सात माना असलेला मेज (जादूगार क्लास) बसला असेल, तर एका फ्लेमस्ट्राइकमध्ये सगळं जातं. आघाडीवर असताना दोन मिनियन हातात राखा आणि त्या टर्नला टॅप करा. हंटरसमोर याच्या उलट वागा. तिथे प्रत्येक टॅप म्हणजे त्याला दिलेला फुकटचा २ डॅमेज.

इव्हन शामन, वाइल्डमध्ये

२०१८ च्या विचवुड संचात जेन ग्रेमेन हे लेजेंडरी आलं. डेकमधल्या सगळ्या कार्डांची किंमत सम असेल, तर सुरुवातीपासूनच हीरो पॉवर एका मानात पडते. पहिलेच १६०० डस्ट एका कार्डावर घालायचे म्हणजे उधळपट्टी वाटेल. पण वाइल्ड या जुनी कार्डंही चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये रोटेशन (जुने संच बाद होणं) नाही, त्यामुळे हे कार्ड दर वर्षी बाद होत नाही. शिवाय जेन न्यूट्रल आहे. उद्या इव्हन वॉरलॉक किंवा इव्हन पॅलाडिन करायचा झाला तर तेच कार्ड चालतं. तीन-चार महिने खेळायचं, मग परीक्षा किंवा कामामुळे बंद, असं ज्यांचं होतं त्यांनी हाच डेक घ्यावा. परत आल्यावर तो जागेवर सापडेल.

डेक चालतो कसा ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या टर्नला हीरो पॉवरने एक मानात टोटेम (शामनचा छोटा मिनियन). दुसऱ्या टर्नला टोटेम गोलेम: दोन मानात ३/४ (अटॅक/हेल्थ), पण ओव्हरलोड १. म्हणजे तिसऱ्या टर्नला एक माना बंद आणि दोनच हातात. दुसऱ्या डेकला हे टोचलं असतं. इथे दोन मानाचं कार्ड अगदी बरोबर बसतं. दरम्यान प्रत्येक टोटेममागे थिंग फ्रॉम बिलोची किंमत एकाने उतरत असते. मूळ सहा मानाचा, टॉन्ट असलेला हा ५/५ मिनियन पाच टोटेम उतरवले की एका मानात पडतो, आणि गोलेमही टोटेम म्हणूनच मोजला जातो. किंमत उतरून विषम झाली तरी जेनला चालतं, त्याला मूळ किंमत सम लागते. एक मर्यादा लक्षात ठेवा: हीरो पॉवरचे चारही टोटेम बोर्डवर जिवंत असतील तर ती दाबता येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक याच डेकमध्ये होते. एखादं कार्ड नाही म्हणून बदली घातलं आणि ते तीन मानाचं निघालं, की जेनचा परिणाम त्या सामन्यात पूर्ण बंद. एका कार्डाने तीसही कार्डांचा खेळ बिघडतो. डेक कोड टाकल्यावर उरलेल्या जागा गेमच्या सुचवणीने भरत असाल, तर शेवटी यादीतले मानाचे आकडे वरपासून खालपर्यंत एकदा वाचा. वाइल्डमध्ये समोरच्यांकडे वर्षानुवर्षांची कार्डं असतात, तेव्हा सुरुवातीला हार सोसायची तयारी हवी.

बाकू द मूनईटर हे याचं विषम भावंड. त्याच्यासह ऑड पॅलाडिन केला तर हीरो पॉवर एकाऐवजी दोन रिक्रूट (छोटे मिनियन) देते. डेक चांगला आहे, पण रिक्रूटना बळ देणारं क्वार्टरमास्टरसारखं एपिक घ्यायचं तर दोन प्रतींचे ८०० जातात. शामन आम्हाला वरचढ वाटतो.

कंट्रोल वॉरियर

पहिला डेक म्हणून नको. पाच लेजेंडरी आणि चार एपिक धरले तरी ९६०० डस्ट होते, आणि नेमकी तीच कार्डं सामना जिंकून देतात. ती काढून बदली घातली की चिलखत वाढवत दुसऱ्याच्या विजयाची वाट बघणं उरतं. सामनेही लांबतात, त्यामुळे तासाभरात हंटरपेक्षा बरेच कमी होतात.

एक अपवाद आहे. नव्या खेळाडूला काही तयार डेक थोडे दिवस वापरायला मिळतात आणि त्यातला एक कायमचा ठेवता येतो. तो निवडताना उलटा विचार करा: जो डेक स्वतःच्या डस्टने कधीच बनवला नसता आणि वापरून आवडला, तो फुकटात घ्या. हंटर नंतर स्वतः बनवता येतो.

क्राफ्ट करताना

आधी फुकटचा डेक आणि सुरुवातीचे सगळे पॅक घ्या, मगच डस्टला हात लावा. संचाच्या पहिल्या दहा पॅकमध्ये एक लेजेंडरी मिळण्याची हमी असते. नाहीतर आज क्राफ्ट केलेलं कार्ड उद्या पॅकमधून निघतं आणि हळहळ होते. नंतर कॉमन, मग रेअर. लेजेंडरी शेवटी, फक्त जेन-बाकूचा अपवाद: त्यांच्याशिवाय तो डेकच नाही. गोल्डन प्रत चुकूनही बनवू नका, साध्या लेजेंडरीचे १६०० तिथे ३२०० होतात.

मास डिसएन्चंट फक्त जास्तीच्या प्रती फोडतं, ते बिनधास्त वापरा. एकेकटी कार्डं मात्र घाईने फोडू नका. एखादं कार्ड कमजोर केलं गेलं तर काही दिवस ते फोडल्यावर पूर्ण क्राफ्टिंग किंमत परत मिळते, लेजेंडरीचे ४०० ऐवजी १६००. बॅलन्स बदल जाहीर होणार अशी कुजबुज सुरू असेल तर निदान त्या आठवड्यात लेजेंडरी आणि एपिक तशीच ठेवा.