बॅलरॅटचे लुकस उपनगर आणि तेथील शाळा: एका पालकाचे परीक्षण

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या वायव्येला सुमारे ११५ किलोमीटरवर बॅलरॅट हे शहर आहे. त्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या लुकस या नव्या उपनगरात आम्ही चार वर्षांपासून भाड्याच्या घरात राहत आहोत. ४९१ व्हिसावर (मोठ्या शहरांबाहेरच्या भागांत राहून काम करण्यासाठी कुशल कामगारांना मिळणारा तात्पुरता व्हिसा) किंवा रुग्णालयातील नोकरीनिमित्त इकडे येण्याचा विचार करणारी मराठी कुटुंबे अधूनमधून आम्हाला विचारतात की, मुलांना घेऊन लुकसमध्ये राहावे का. त्यांना मी प्रथम मुलाचे वय विचारते. मूल पाच-सहा वर्षांचे असेल तर निःशंकपणे यावे, असे मी सांगते. मूल पाचवी-सहावीत असेल तर मात्र घर पाहण्याआधी माध्यमिक शाळेचे झोन, म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणती सरकारी शाळा मिळते ते, पाहावे, कारण लुकसमध्ये प्राथमिक शाळा दोन आहेत आणि माध्यमिक शाळा एकही नाही.

हे उपनगर फार जुने नाही. २०१० नंतरच्या दशकात शेतजमिनीवर ते वसत गेले. नाव मात्र जुने आहे आणि त्यामागची हकीकत येथे राहणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावी असे मला वाटते. बॅलरॅटमध्ये ई. लुकस आणि कंपनी या नावाचा कपड्यांचा कारखाना होता व त्यात शेकडो तरुणी शिवणकाम करीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ ते १९१९ या वर्षांत, या ‘लुकस गर्ल्स’नी शहराच्या पश्चिमेकडील रस्त्यावर सुमारे ३,८०० झाडे लावली. बॅलरॅट परिसरातून युद्धावर गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक झाड, असा हिशेब होता आणि त्यांत परिचारिकाही होत्या. सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या या वृक्षमार्गाला अ‍ॅव्हेन्यू ऑफ ऑनर म्हणतात. त्याच्या तोंडाशी असलेल्या आर्च ऑफ व्हिक्टरी या कमानीसाठीही याच कामगार मुलींनी निधी गोळा केला आणि १९२० साली तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. लुकसच्या वस्तीला लागून जाणारा रिमेंबरन्स ड्राइव्ह हा तोच वृक्षमार्ग होय. झाडांपाशी बसवलेल्या पट्ट्यांवरील नावे वाचत चालणे हा आमच्या मुलीचा वाचन शिकण्याच्या वर्षातला आवडता उद्योग होता. एप्रिल-मे महिन्यांत पानगळीचे रंग चढतात तेव्हा या रस्त्यावरून शाळेत सोडायला जाताना पाच मिनिटे आधी निघावे, असा माझा मनापासून आग्रह आहे.

घरांविषयी थोडक्यात सांगते. बहुतेक घरे एकमजली, तीन-चार बेडरूमची, दोन गाड्यांचे गॅरेज असलेली आणि एकमेकांना चिकटून आहेत, त्यामुळे मागचे अंगण लहान असते. रस्ते रुंद, पदपथ सलग आणि उद्याने जवळजवळ आहेत. खरेदीसाठी वस्तीतच छोटे केंद्र आहे. सार्वजनिक सभागृह आणि मुलांच्या उपक्रमांसाठी लुकस कम्युनिटी हब ही महापालिकेची वास्तू आहे. अंतर्गत रस्त्यांवरची झाडे अजून कोवळी असल्याने उन्हाळ्यात सावली कमी आणि हिवाळ्यात वाऱ्याला आडोसा नाही, ही उणीव भरून निघायला आणखी काही वर्षे लागतील.

थंडीविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मेलबर्नहून येणाऱ्यांचाही येथे अंदाज चुकतो. बॅलरॅट समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंच आहे. जुलै महिन्यात दुपारचे सरासरी कमाल तापमानही १० अंशांच्या आसपास राहते आणि पहाटे गाडीच्या काचेवर दहिवर गोठलेले असते. लुकस मोकळ्या माळावर असल्यामुळे पश्चिमेचा वारा थेट अंगावर येतो. घर भाड्याने घेताना हीटर कोणत्या प्रकारचा आहे, तो सर्व खोल्यांत पोहोचतो का आणि खिडक्यांना दुहेरी काच आहे का, हे विचारल्याशिवाय करारावर सही करू नये. आमच्या पहिल्या घरात हीटर केवळ दिवाणखान्यापुरताच होता. एजंटने हे आधी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. तो हिवाळा मुलीने अभ्यासासकट दिवाणखान्यातच काढला.

आता शाळा. लुकस प्रायमरी स्कूल ही सरकारी शाळा २०२० साली सुरू झाली. इमारत नवी आहे आणि वस्तीतील बहुतेक घरांपासून मुले पायी किंवा सायकलने तेथे जाऊ शकतात. गाडीशिवाय पान न हलणाऱ्या या देशात ही सोय किती मोलाची आहे, हे दररोज दोनदा शाळेच्या दाराशी गाडी लावणाऱ्या पालकांना विचारावे. दुसरी सिएना कॅथलिक प्रायमरी स्कूल. ती कॅथलिक शिक्षणव्यवस्थेतील असल्याने तेथे फी आहे आणि धर्मशिक्षण हा शिक्षणक्रमाचा भाग आहे. प्रवेशात कॅथलिक कुटुंबांना प्राधान्य असले तरी अशा शाळांत इतर धर्मांची मुलेही शिकतात. सरकारी शाळेत शिकवण्याची फी नसते. साहित्य आणि उपक्रमांसाठी पालकांकडून स्वेच्छेने काही रक्कम मागितली जाते. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र आपल्या व्हिसाच्या उपवर्गाला ही सवलत लागू आहे का, हे राज्याच्या शिक्षण खात्याकडून लेखी विचारून घ्यावे, कारण विद्यार्थी व्हिसावर आलेल्या पालकांना मुलांची फी भरावी लागू शकते.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी काही गोष्टी नव्या असतात. येथे शाळेचे पहिले वर्ष ‘प्रेप’ असते आणि ज्या वर्षी मूल त्यात जाते, त्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत त्याला पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात. वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होते आणि साधारण दहा-दहा आठवड्यांच्या चार सत्रांत विभागलेले असते. प्राथमिक शाळा प्रेप ते सहावी आणि माध्यमिक सातवी ते बारावी अशी सरळ विभागणी आहे. २०२० पासून सरकारी शाळांत विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळेत मोबाइल वापरण्यास बंदी आहे आणि हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. उन्हाच्या महिन्यांत टोपीशिवाय मैदानावर खेळू देत नाहीत. सकाळच्या सभेत वाथौराँग या मूळ रहिवाशांच्या भूमीचा आदरपूर्वक उल्लेख होतो. शहराचे नावच त्यांच्या भाषेतील विश्रांतीच्या जागेवरून आले आहे, हे आमच्या मुलीने घरी येऊन आम्हाला सांगितले.

अभ्यासाविषयी मराठी पालकांच्या मनात जी शंका असते ती माझ्याही मनात होती. पहिली दोन वर्षे गृहपाठ जवळजवळ नव्हता, दररोज घरी वाचायला एक पातळ पुस्तक तेवढे येत असे, त्यामुळे मूल मागे पडेल अशी भीती वाटत राही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती स्वतःहून वर्गासमोर उभी राहून पाच मिनिटे एका विषयावर बोलली, श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि चुकलेले उत्तर न घाबरता दुरुस्त केले. तेव्हा वर्गात काय शिकवले जात होते ते मला उमजले. गणिताचा सराव मात्र कमी पडतो, असे माझे मत आजही आहे आणि तो आम्ही घरी करून घेतो. मराठीही घरीच शिकवावी लागते. बॅलरॅटमधील मराठी कुटुंबे मोजकी आणि विखुरलेली आहेत, त्यामुळे भाषा टिकवण्यासाठी मेलबर्नसारखा आधार येथे मिळत नाही, याची तयारी मनाशी ठेवूनच यावे.

शाळा निवडताना बहुतेक जण ‘माय स्कूल’ या सरकारी संकेतस्थळावर नॅप्लानचे निकाल पाहतात. तिसरी, पाचवी, सातवी आणि नववी या इयत्तांत ही राष्ट्रीय चाचणी होते आणि २०२३ पासून ती मार्चमध्ये घेतली जाते. निकाल अवश्य पाहावेत, परंतु २०२० मध्ये सुरू झालेल्या शाळेचे आकडे शंभर वर्षांच्या शाळेशी ताडून पाहणे अन्यायाचे आहे. त्याच संकेतस्थळावर सारखी कौटुंबिक पार्श्वभूमी असलेल्या विद्यार्थ्यांशी केलेली तुलना दिलेली असते आणि पाहायचीच असेल तर ती पाहावी. त्याहून अधिक उपयोगी म्हणजे एखाद्या साध्या दिवशी वेळ घेऊन शाळा पाहणे आणि दुपारी शाळा सुटताना फाटकाबाहेर उभे राहून मुले कशी बाहेर येतात ते बघणे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. व्हिक्टोरियात प्रत्येक पत्त्याला एक ठरलेली सरकारी शाळा असते आणि त्या झोनमध्ये राहते घर असलेल्या मुलाला तेथे प्रवेशाचा हक्क असतो. मेलबर्न, बॅलरॅट, बेंडिगो आणि जिलाँग येथे ही शाळा सर्वसाधारणपणे सरळ रेषेतील अंतरावरून ठरते, रस्त्याच्या अंतरावरून नव्हे. त्यामुळे गाडीने जवळ वाटणारी शाळा आपल्या झोनची असेलच असे नाही आणि एकाच उपनगरातील दोन टोकांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. शिक्षण खात्याच्या ‘फाइंड माय स्कूल’ या संकेतस्थळावर घराचा नेमका पत्ता टाकून प्राथमिक आणि माध्यमिक असे दोन्ही झोन पाहता येतात, आणि ते ज्या वर्षी मूल सातवीत जाणार त्या वर्षासाठी पाहावेत, कारण सीमा बदलतात. झोनबाहेरच्या शाळेत जागा शिल्लक असेल तरच प्रवेश मिळतो. सातवीचे अर्ज मूल सहावीत असतानाच, वर्षाच्या दुसऱ्या सत्रात भरावे लागतात. म्हणजे सहावीच्या दिवाळीत निर्णय घेऊ म्हणणाऱ्या पालकांची वेळ तोवर निघून गेलेली असते.

लुकसहून शहराकडे निघाले की स्टर्ट स्ट्रीटवर बॅलरॅट हायस्कूल लागते. ही १९०७ पासूनची सरकारी शाळा आहे. सरकारी पर्यायांत वेंडूरीतील माउंट रोवन सेकंडरी कॉलेज आणि सेबॅस्टोपोलमधील फिनिक्स कॉलेज हेही आहेत. खासगी शाळांच्या बाबतीत बॅलरॅट आपल्या आकारमानाच्या मानाने फार समृद्ध आहे आणि त्याचे कारण सोन्यात दडले आहे: १८५१ साली येथे सोने सापडले, पैसा आला, आणि त्या पैशाने वसलेल्या समाजाने आपापल्या पंथांच्या शाळा उभ्या केल्या. लोरेटो ही मुलींची कॅथलिक शाळा १८७५ची, सेंट पॅट्रिक्स ही मुलांची १८९३ची, अँग्लिकन परंपरेतील बॅलरॅट ग्रामर १९११ची. बॅलरॅट क्लॅरेंडन कॉलेजचे नाव बारावीच्या व्हीसीई निकालांच्या चर्चेत राज्यभर घेतले जाते. मात्र तेथील आणि ग्रामरमधील फी ही सर्वसाधारण पगारदार कुटुंबाने सहा वर्षांचा हिशेब मांडूनच विचारात घेण्यासारखी आहे; कॅथलिक शाळांची फी त्या मानाने पेलवण्यासारखी असते. चांगल्या निकालांच्या मोहाने केवळ पहिल्या वर्षाची फी भरता येते म्हणून प्रवेश घेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण नववीत मुलाला मित्रांपासून तोडून दुसऱ्या शाळेत घालणे त्याच्यासाठी फार जड जाते.

पालकांच्या कामाची बाजूही यात येते. लुकसला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. २००९ साली सुरू झालेले वेंडूरी हे जवळचे स्थानक आणि तेथून मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकापर्यंत साधारण दीड तास लागतो. ३१ मार्च २०२३ पासून प्रादेशिक गाड्यांच्या दैनिक भाड्यावर मेलबर्न शहराइतकीच कमाल मर्यादा आल्याने खर्चाचा प्रश्न बराच सुटला, परंतु वेळेचा सुटला नाही. शाळा साडेतीनच्या सुमारास सुटते. दोन्ही पालक मेलबर्नला जात असतील तर मुलाला शाळेनंतरच्या देखभाल केंद्रात संध्याकाळपर्यंत ठेवावे लागते आणि तेथील जागा मर्यादित असतात. आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात आणि उरलेले घरून काम, अशी व्यवस्था असलेल्यांना लुकस सोयीचे आहे; रोज ये-जा करणाऱ्यांना मी हे उपनगर सुचवत नाही.

शनिवार-रविवारी मात्र तक्रारीला जागा नाही. १९५६च्या ऑलिंपिकमधील नौकानयनाच्या स्पर्धा ज्या वेंडूरी तलावावर झाल्या त्याच्या काठाने सहा किलोमीटरची फेरी आहे आणि आमची मुलगी तेथेच सायकल शिकली. सॉव्हरिन हिल या सोन्याच्या काळातील वसाहतीच्या संग्रहालयात शाळकरी मुले १८५०च्या दशकातील पोशाख घालून त्या काळच्या वर्गात बसतात.

आमची मुलगी आता चौथीत आहे. मागील महिन्यात भाडेकरार संपत आला तेव्हा आम्ही याच उपनगरात, वृक्षमार्गापासून चार गल्ल्या आत, दुसरे घर पाहिले. स्वयंपाकघर पाहण्याआधी मी मोटारीतच बसून त्याचा पत्ता ‘फाइंड माय स्कूल’वर घातला, दोन्ही झोन वाचले आणि मगच आत गेले. करार दोन वर्षांचा केला आहे. सहावीतील अर्जाची वेळ त्या मुदतीतच येते, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी शाळेला दाखवायचे भाडेकरार आणि वीजबिल याच पत्त्याचे असतील.