झाकणं होती, खाली नाली नव्हती: लेआउटमध्ये प्लॉट घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

"एनए-टीपी मंजूर. रोड, नाली, नळ, पोल सगळं तयार. आजच बुकिंग करा." विदर्भात कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडलं की वावरावावरात ही पाटी दिसते. एनए म्हणजे बिगरशेती परवानगी, टीपी म्हणजे नगररचनेची मंजुरी. अशाच एका पाटीखाली माझे ७,६०,००० रुपये गेले. दीड हजार फुटांच्या प्लॉटचे, ४५० रुपये फुटाने, ६,७५,०००. आणि "नाली व पाणी विकास शुल्क" म्हणून वरचे ८५,०००. प्लॉट जागेवर आहे, रजिस्ट्री झाली आहे, फेरफारही झाला. पण ज्या नालीचे आणि नळाचे पैसे मोजले ते तिथे नाही आणि कधी नव्हतंच. नातेवाइकांत हे सांगायची लाज वाटते, म्हणून आजवर गप्प होतो. पण मला प्लॉट विकणाऱ्या त्याच माणसाने आता रस्त्याच्या पलीकडे "फेज दोन" काढली आहे, तिथेही इसार घेणं सुरू आहे, म्हणून लिहितो.

मी जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. गाडीतल्या कापसात हात घातला की ओल किती, कवडी किती, हे मला कळतं. वजनात कोणी पाच किलोचा घोळ केला तर मी तिथल्या तिथे पकडतो. हे सांगतोय कारण लोक लगेच म्हणतात, "पाहून नाही का घेतलं?" पाहून घेतलं होतं. सातबारा पाहिला, एनएचा आदेश पाहिला, वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढला, त्याचे २,५०० रुपये दिले. कागद खरेच होते. फसवणूक कागदावर झालीच नाही, ती जमिनीखाली झाली.

लेआउट यवतमाळ जिल्ह्यातली, तीन एकर काळ्या मातीच्या वावरावर पडलेली. नगरपंचायतीच्या हद्दीला अगदी लागून, पण आहे ग्रामपंचायतीच्या हद्दीत. हे "लागून, पण बाहेर" नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा खेळ त्यावरच झाला.

विकणारा माणूस ओळखीतला. आमच्या सोयऱ्यांच्या लग्नात पंगतीला सोबत बसलेला. म्हणाला, "भाऊ, हद्दवाढ झालीच समजा. नगरपंचायतीची लाइन रोडवरून गेली हाय, आपण आपली लाइन तिले जोडून घेतली. वहिनीले पाणी आणाले हापशीवर जा लागणार नाही." पाटीवर खाली बारीक अक्षरात "रेरा अप्लाइड" लिहिलं होतं, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या रेरा प्राधिकरणाकडे अर्ज केलाय. नंबर विचारला तर म्हणे अर्ज टाकलाय, आठवड्याभरात येतो. आता मला माहीत आहे की ५०० चौरस मीटरच्या वर जमीन असेल तर नोंदणी झाल्याशिवाय प्लॉटची जाहिरातसुद्धा करता येत नाही, विकणं तर दूरच. तीन एकर म्हणजे १२ हजार चौरस मीटर. "अप्लाइड"ला काडीची किंमत नाही. नंबर दाखव, नाहीतर उठ, एवढंच त्याला म्हणायचं.

जागा पाहायला गेलो तो दिवस मला रोज आठवतो. एप्रिलचं ऊन. मुरूम टाकून रोलर फिरवलेला रस्ता, त्याच्या मधोमध रांगेने सिमेंटची गोल झाकणं. प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी हातभर उभा पांढरा पाइप, वर प्लास्टिकची तोटी. साइट ऑफिसजवळची तोटी त्याने फिरवली, धो धो पाणी आलं. बायकोने ओंजळीने पिऊन पाहिलं. नंतर कळलं, त्या खोलीच्या मागे लोखंडी घोड्यावर हजार लिटरची टाकी ठेवली होती, टँकरने भरलेली. पाइप त्या टाकीपासून त्या एका तोटीपर्यंतच होता.

आणि एक झाकण अर्धवट सरकलेलं होतं. मी उभा राहून आत पाहिलं. कंबरभर खोल चौकोनी हौद. चारही भिंतींना गुळगुळीत प्लास्टर, कोपऱ्यात कारागिराच्या थापीची रेघ तशीच उमटलेली, तळाशी पळसाची वाळलेली पानं. चार भिंती, आणि एकीलाही भोक नाही. येणारा पाइप नाही, जाणारा पाइप नाही. मी विचारलंसुद्धा, "याच्यात पाइप कुठाय?" तो हसून म्हणाला, "भाऊ, आत्ताच तोंड मोकळं ठेवलं तर पावसात माती भरते नं लाइनमध्ये. कनेक्शन घेता तवा भोक पाडून देतो." बरोबर एक मजूर होता, त्यानेही मान हलवली. पाणीपुरवठ्याचं काम मी कधी केलेलं नाही, नालीच्या चेंबरचं तोंड कधी उघडतात हे मला कसं ठाऊक असणार? माती भरू नये म्हणून तोंड बुजवलं, ही गोष्ट ऐकायला खरीच वाटते. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही वाटली असती. त्या चार सपाट भिंती आजही डोळ्यांसमोरून जात नाहीत. तिथेच इसाराचे ५१,००० परत मागून घरी यायला हवं होतं.

घर बांधायला घेतलं. प्लिंथ, म्हणजे जोतं झाल्यावर प्लंबर आला. जोडणीसाठी त्याने रस्त्याच्या कडेला खोदलं. तोटीखालचा पाइप दोन फूट खाली गेला आणि संपला, तोंडाला टोपी लावलेली. मग चेंबरच्या बाजूने खोदलं. तीन फूट, चार फूट, काही नाही. नुसती काळी माती. शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही: एकदा उकरून भरलेली माती भुसभुशीत आणि मिसळलेली असते, कधीच न उकरलेली काळी माती ढेकूळ फोडलं तर चकचकीत फळ्यांनी उलते. ती माती कोणी कधी उकरलीच नव्हती. दोन चेंबरांच्या मध्ये एक इंचभर पाइप नव्हता.

नात्यातला एक पोरगा नळयोजनेच्या कामावर सुपरवायझर आहे. त्याने येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्याने जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकून ठेवा, कारण हे कोणी एजंट सांगत नाही. आपल्यासारख्या लहान गावांत सांडपाण्याची लाइन निदान १५० मिलिमीटर व्यासाची लागते. सरळ लाइनवर साधारण ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर चेंबर लागतो. त्याला उतार लागतो, नाहीतर मैला जागेवरच बसतो. पिण्याच्या पाण्याची लाइन सांडपाण्याच्या लाइनपासून आडवी ३ मीटर दूर आणि जिथे ओलांडते तिथे निदान अर्धा मीटर वर पाहिजे, नाहीतर एक सांधा फुटला की नळाला नालीचं पाणी. आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, म्हणून पाइपाखाली वाळू किंवा मुरमाची गादी केली नाही तर सांधे निखळतात. आता विचारा की आमच्या लेआउटमधली लाइन, असती तरी, जाऊन मिळणार कुठे होती? नगरपंचायतीत भूमिगत गटार योजनाच नाही. उघड्या नाल्या आहेत, त्यांचं पाणी ओढ्यात जातं. म्हणजे ज्या "मेन लाइन"ला जोडलं म्हणून ८५,००० घेतले, ती मेन लाइनच अस्तित्वात नाही. कोणी नाली दाखवली की पहिला प्रश्न हाच: शेवट कुठे? पायी चालत शेवटापर्यंत जा.

मग मी सेप्टिक टँक बांधला, ५४,०००. शोषखड्डा खोदला, तो पहिल्याच पावसात काठोकाठ भरला, कारण काळी माती पाणी पीतच नाही. श्रावणात अंगणात घाण पाणी उभं राहिलं. बोअर मारली, २४० फूट, ३८,४०० रुपये. पाणी लागलं, पण उन्हाळा लागला की आटतं, मग ६०० रुपये टँकर. हे ९२,४०० त्या ७,६०,००० च्या वरचे.

पावतीबद्दल. ८५,००० ची पावती मला मिळाली, गुलाबी रंगाची, त्यावर "विकास शुल्क" छापलेलं, ४५,००० नाली आणि ४०,००० पाणी असं हाताने लिहिलेलं. मला वाटलं हे सरकारी शुल्कच आहे, कारण विकास शुल्क नावाचं खरं सरकारी शुल्क असतं, नगररचना कायद्यात आहे. पण ते कार्यालयात भरलं जातं आणि पावती कार्यालयाची मिळते. ज्या पावतीवर कार्यालयाचं नाव आणि छापील अनुक्रमांक नाही, तो कागद खाजगी माणसाचा आहे. रोख तर अजिबात देऊ नका. रेरा कायद्यात नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेताच येत नाही.

आता साहेब लोकांची कथा.

नगरपंचायतीत गेलो. "लेआउट आमच्या हद्दीत नाही. ग्रामपंचायतीला विचारा." ग्रामसेवक म्हणाला, "आमची जलजीवन नळयोजनेची लाइन गावठाणापुरती आहे, तुमची लेआउट आराखड्यात नाही. मंजुरी आम्ही दिलीच नाही, जिल्ह्याहून झाली." जिल्ह्याला नगररचना कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी फाईल काढायलाच तयारी दाखवली नाही, "आम्ही नकाशाला शिफारस देतो, जागेवर पाइप मोजायला आम्हाला माणसं आहेत का?" उपविभागीय कार्यालय म्हणे अर्ज आवक-जावकला द्या. तहसील म्हणे हा आमचा विषय नाही. पटवारी म्हणाला, "भाऊ, माझं काम फेरफाराचं." दुय्यम निबंधकाकडे गेलो तर, "आम्ही दस्त नोंदवतो, नाल्या तपासत नाही." मग तपासतं कोण? एकरभर वावरात तुरीचं पीक नोंदवायचं राहिलं तर शेतकऱ्याची अडचण होते, आणि तीन एकरात चाळीसेक कुटुंबांना नसलेली नाली विकली जाते ती तपासणारा एकही माणूस पूर्ण जिल्ह्यात नाही? शिक्का मारणारे सात, जबाबदार कोणी नाही.

पोलीस स्टेशनला तर बसायलाही सांगितलं नाही. "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मी विचारलं, नसलेली वस्तू आहे म्हणून विकली तर ती फसवणूक नाही का, न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? जमादार म्हणाला, "तुम्ही वकील आहात का?" अर्जाची पोच मागितली तर उद्या या. त्या "उद्या"ची पोच शेवटी पोस्टाने मिळवली, अर्ज रजिस्टर्ड एडीने पाठवून. तुम्हीही तेच करा, तोंडी तक्रार म्हणजे काहीच नाही. जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अर्ज दिला. तिथे मान हलवून अर्ज त्याच कार्यालयाकडे "योग्य कार्यवाहीसाठी" पाठवला, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती.

उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा, माहितीच्या अधिकाराचा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ३० दिवसांची मुदत उलटली, पहिलं अपील केलं, तेव्हा कागद हातात आले. आणि ते वाचून रक्त खवळलं. लेआउटला मिळालेली मंजुरी तात्पुरती होती. आदेशात स्पष्ट अट होती: रस्ते, सांडपाण्याची व पावसाच्या पाण्याची व्यवस्था, पाणीपुरवठा, पथदिवे, हे सगळं जमीनमालकाने स्वखर्चाने पूर्ण करायचं, आणि त्यानंतरच अंतिम अभिन्यास, म्हणजे लेआउट, मंजूर होईल. अंतिम मंजुरीसाठी त्याने अर्जसुद्धा केलेला नाही. म्हणजे नाली आणि पाण्याची लाइन टाकणं हे त्याच्यावर बंधन होतं, त्याच्या पैशाने. त्या कामाचे ८५,००० त्याने माझ्याकडून घेतले आणि कामही केलं नाही. नकाशावर जी दहा टक्के मोकळी जागा दाखवली, जिथे "पाण्याची टाकी" म्हणून बोट दाखवत होता, तिथे आता त्याच्या भाच्याची गिट्टी-रेती पडलेली असते.

म्हणून एनएच्या आदेशाची पहिली दोन पानं पाहून उठू नका. मागच्या पानांवर अटी असतात, त्या एकेक वाचा. "अंतिम" हा शब्द आदेशात आहे का ते शोधा. नसेल तर इसार देऊ नका, कितीही सोयरा असो. शेजारच्या लेआउटमध्ये राहणाऱ्या बाईला विचारा की पाणी कुठून भरता, एजंटपेक्षा ती खरं सांगेल. पावसाळ्यात जागा पाहा, एप्रिलमध्ये सगळ्याच लेआउट कोरड्या असतात. पाइप दाखवला तर त्यावरचं छापील वाचा, पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपवर आयएस ४९८५ आणि आयएसआयचा शिक्का असतो. आणि दोन चेंबरांच्या मध्ये एक खड्डा खोदायला सांगा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहे. सोयी देतो म्हणून विकलेला प्लॉट ही "सेवा" आहे आणि ग्राहक कायद्यात बसते, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सांगितलेलं आहे. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये. पण तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे, आणि फेज एकमधले बरेच जण "जाऊ द्या, त्याच्याशी वाकडं कशाला" म्हणून बसले आहेत. मुदत कोणासाठी थांबत नाही. त्या गुलाबी पावत्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या फेकू नका, पैसे दिल्याचे बँकेचे उतारे आणि व्हॉट्सअपवरचं ब्रोशर जपून ठेवा, आणि तक्रारीत नाव घालायचं असेल तर दिवाळीच्या आत सांगा, वकील पुढच्या तारखेला एकत्र अर्ज देणार आहे.