पीपीओची झेरॉक्स मागणारे 'सन्मान मेळावे' : माजी सैनिकांनी सावध राहावं

मी मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन आलो. गाव सातारा जिल्ह्यात, जिथे जवळजवळ प्रत्येक भावकीत एखादा तरी फौजी सापडतो. गेल्या निवडणुकीच्या आधी आमच्या तालुक्याच्या गावी 'माजी सैनिक सन्मान मेळावा' भरला. त्यातून माझ्यासह बऱ्याच पेन्शनरांना आणि काही विधवा भगिनींना पद्धतशीर लुबाडण्यात आलं. हाच डाव दुसऱ्या तालुक्यातही टाकला जाईल, म्हणून घडलं ते सगळं लिहितो.

मंडप मोठा होता. बॅनरवर एका बाजूला नेत्याचा फोटो, दुसऱ्या बाजूला बर्फात रायफल घेऊन उभा असलेला जवान. प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाने पक्षांना २०१३ मध्ये सांगितलं आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. तरी ते बॅनर उभं राहिलं आणि कुणी हटकलं नाही. फेटे बांधले, शाल-श्रीफळ दिलं, नेत्याचं भाषण झालं. नेते निघून गेल्यावर खरं काम सुरू झालं. मंडपाच्या कडेला टेबलं लावली होती आणि वर पाटी होती, 'स्पर्श दुरुस्ती व ओआरओपी थकबाकी मोफत तपासणी'. स्पर्श म्हणजे सैनिकांच्या पेन्शनचं ऑनलाईन पोर्टल, ओआरओपी म्हणजे 'वन रँक वन पेन्शन', सारख्या हुद्द्याला आणि सारख्या नोकरीला सारखी पेन्शन. तिथे डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन आणि पासबुक यांच्या झेरॉक्स घेतल्या जात होत्या. टेबलावरचा माणूस पन्नाशीचा, केस बारीक कापलेले, बोलायला गोड. प्रत्येकाला म्हणायचा, "मेजर, तुमचं काम ते आपलं काम. बेळगावला आपला माणूस बसलाय." बेळगावला आमच्या पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस आहे, सैनिकाच्या नोकरीच्या नोंदी तिथे असतात.

लोकांनी विश्वास का ठेवला, हे समजून घ्या, कारण त्यांचं गिऱ्हाईक तिथेच तयार होतं. ओआरओपीचा आदेश निघाला ७ नोव्हेंबर २०१५ ला, लागू झाला १ जुलै २०१४ पासून, आणि दर पाच वर्षांनी पेन्शन नव्याने ठरते. २०१९ च्या फेरआखणीचे पैसे थकले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने वेळापत्रक घालून दिलं. फॅमिली पेन्शनर आणि शौर्यपदकधारकांना आधी, सत्तरीपुढच्यांना त्यानंतर, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन हप्त्यांत. शेजारच्या वहिनींना सगळी रक्कम एकदम आली आणि आपल्याला तिसरा भागच आला, हे पाहिलं की कुणालाही वाटतं आपला काहीतरी घोळ झालाय. त्यात बँकेतली पेन्शन 'स्पर्श'वर गेली. तिथे कुणाची जन्मतारीख चुकली, कुणाच्या बायकोचं नाव जुळेना.

बायकोच्या नावाचा प्रश्न तर आपल्याकडे घरोघरी आहे. लग्नात नाव बदलायची रीत. भरती झाल्यावर पलटणीत घातलेल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (दप्तरातल्या अधिकृत नोंदीत) बायकोचं माहेरचं नाव गेलेलं असतं, आधारवर सासरचं. नवरा जिवंत असेपर्यंत याने काही अडत नाही. तो गेल्यावर मात्र फॅमिली पेन्शन अडते. मेळाव्यात मी दिलेलं काम हेच होतं.

आठवड्याने त्या माणसाचा फोन आला. बायकोच्या नावाची दुरुस्ती होईल, शिवाय तुमची ओआरओपीची मोठी थकबाकी निघतेय, 'फाईल फी' साडेतीन हजार भरा. पैसे मोबाईलवरून पाठवले. मग व्हॉट्सअॅपवर रेकॉर्ड ऑफिसच्या नावाचं पत्र आलं, अशोकस्तंभ आणि गोल शिक्क्यासह. त्यात 'मंजूर रकमेवरचा कर' म्हणून बावीस हजार आधी भरण्याची सूचना होती. तेही भरले. तिसऱ्यांदा चाळीस हजारांची मागणी आली तेव्हा मी ते पत्र आमच्या भागातल्या एका निवृत्त सुभेदार क्लार्कसाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून एकदा वाचलं आणि खाली ठेवलं. फाईल क्रमांक नाही, सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव नाही. आणि मुख्य गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी : ओआरओपीची थकबाकी रेकॉर्ड ऑफिस मंजूर करतच नाही. त्याची कोष्टकं सरकार काढतं, हिशोब प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन (संरक्षण खात्याचं पेन्शन लेखा) कार्यालयाकडून होतो, रक्कम थेट खात्यात येते. अर्ज नाही, फी नाही. कर कापायचा असेल तर पेन्शनमधूनच कापतात, कुणी आगाऊ मागत नाही. मी बेळगावला ते पत्र जोडून रजिस्टर पोस्टाने विचारणा केली. असं पत्र आमच्याकडून गेलेलं नाही, असं लेखी उत्तर आलं. पुढे पोलिसांत सगळ्यात उपयोगी पडला तो हाच कागद.

दुसऱ्या एका जवानाला त्यांनी डिसॅबिलिटी पेन्शनचं आमिष दाखवलं होतं. हा गडी रिलीज मेडिकल बोर्डात, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत, शेप-वन (पूर्ण तंदुरुस्त) होऊन घरी आलेला. डिसॅबिलिटी पेन्शन मेडिकल बोर्डाच्या कागदावर उभी असते. अपंगत्व नोकरीमुळे आलं किंवा नोकरीमुळे वाढलं, हे त्यात सिद्ध व्हावं लागतं. नाकारलं तर अपील आहे, सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. मेळाव्यातला एजंट शीट रोलमध्ये (सैनिकाच्या नोकरीच्या नोंदपत्रात) नवीन दुखापत लिहून आणू शकत नाही. तो तसं म्हणत असेल तर तो खोटा कागद करणार आहे, आणि त्या खोट्या कागदावर सही तुमची असणार आहे.

सगळ्यात वाईट प्रकार एका विधवा ताईंच्या बाबतीत झाला. 'नोंदणी तपासायची आहे' म्हणून त्यांच्याकडून फोनवर ओटीपी विचारून घेतला आणि स्पर्शवर नोंदवलेला मोबाईल नंबरच बदलून टाकला. त्यांच्या पुतण्याने वेळेत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठलं म्हणून पेन्शनचं खातं तरी वाचलं. ज्या बाईचा नवरा वीस वर्षं सीमेवर होता, तिच्या महिन्याच्या अन्नावर हात घालायला निघालेल्या माणसाबद्दल मला दया नाही.

नेत्याच्या कार्यालयात आम्ही गेलो. "मेळावा कार्यकर्त्यांनी घेतला होता, टेबल कुणाचं होतं आम्हाला ठाऊक नाही," असं उत्तर मिळालं. हे मला मान्य नाही. नोकरीत असताना सैनिकाला राजकारणापासून लांब ठेवतात ते योग्यच आहे. पण पेन्शन आल्यावर त्याला फेटा बांधून स्टेजवर बसवणाऱ्याने त्याच मंडपात त्याचे कागद कोण गोळा करतंय, याची जबाबदारी घ्यायला हवी. आमचा भरवसा त्या टेबलावर बसला तो बॅनरवरच्या फोटोमुळे. हे सगळ्याच पक्षांना लागू आहे.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत, हा दिवाणी मामला आहे." बरेच जण इथेच परत फिरतात. फिरू नका. सरकारी कार्यालयाच्या नावाचं खोटं पत्र दाखवून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा आहे, त्यात बनावट कागदाचं कलम ३३६ लागतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितलंय. ठाण्यात नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो, तिथेही दाद नाही मिळाली तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आम्ही अधीक्षक कार्यालयात अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यानंतर गुन्हा दाखल झाला. तपास ज्या महिला फौजदारांकडे आला त्यांनी काम मनापासून केलं. बँकेचं स्टेटमेंट, प्रत्येक व्यवहाराचा यूपीआय संदर्भ क्रमांक, चॅट न पुसता ठेवलेला फोन, हे त्यांनी मागितलं. एक गोष्ट आमच्या हातून निसटून गेली होती : पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला तर रक्कम समोरच्या खात्यात असतानाच गोठवता येते. आमची रक्कम तोवर पुढच्या खात्यांत पांगली होती.

बायकोच्या नावाचं काम नंतर सरळ मार्गाने केलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी अर्जाचा नमुना दिला. प्रतिज्ञापत्र, आधार, लग्नाचा पुरावा जोडून तो त्या कार्यालयामार्फत रेकॉर्डला गेला. तिथे पार्ट टू ऑर्डर निघाली, आता दुरुस्त पीपीओची वाट पाहतोय. वेळ लागतो, पण या कामात कुणी एक रुपया मागितला नाही. तुमची पलटण बेळगावची असो, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची असो की सागरच्या महार रेजिमेंटची, नोंद बदलण्याचा अधिकार फक्त तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला आहे. उत्तर येत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा.

ज्यांनी अशा मेळाव्यात कागद दिलेत त्यांनी आजच स्पर्शचा पासवर्ड बदलावा, प्रोफाईलमधला मोबाईल नंबर आणि बँक खातं तपासावं. झेरॉक्स देणं भागच असेल तर तिच्यावर आडवी रेघ मारून कारण आणि तारीख लिहा. आणि तक्रार प्रत्येकाने स्वतंत्र द्या, रक्कम हजाराची असली तरी. आमच्या तालुक्यात अजून बरेच जण 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प आहेत. तपासात वेगवेगळ्या गावांतले जबाब आणि एकाच खात्यात गेलेले पैसे समोर आले, तरच ही टोळी आहे हे कोर्टात दाखवता येईल.