‘अप फॉर ग्रॅब्ज’ हे संकेतस्थळ : परभणीतून वापरून पाहिलेले

ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) काम करायचे आहे, पण सुरुवात कोणत्या प्रकल्पापासून करावी, हा प्रश्न दर रविवारी माझ्याकडे शिकायला येणारी मुले हमखास विचारतात. यंदा स्वतः एखादे नाव सुचवण्याऐवजी मी त्यांना ‘अप फॉर ग्रॅब्ज’ हे संकेतस्थळ उघडून दिले आणि दोन महिने त्यांच्या शेजारी बसून ते वापरून पाहिले.

नवख्यांसाठी मुद्दाम कामे राखून ठेवणाऱ्या प्रकल्पांची ही यादी आहे. ती पाहण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. पायथन किंवा जावास्क्रिप्ट असा टॅग निवडला की त्या भाषेतील प्रकल्प समोर येतात. प्रत्येकाची थोडक्यात ओळख आणि ‘गुड फर्स्ट इश्यू’, ‘हेल्प वाँटेड’ यांसारखे, नवख्यांसाठीच्या इश्यूंवर म्हणजे नोंदवलेल्या कामांवर लावलेले त्या प्रकल्पाचे लेबल तेथे असते, आणि लेबलावर क्लिक केले की थेट कामांची यादी उघडते. मला विशेष आवडली ती याची घडण : प्रत्येक प्रकल्पासाठी एक छोटी यामल फाइल (साध्या मजकुरातील माहितीची फाइल) गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर उघडी ठेवलेली आहे आणि तिच्यात कोणीही पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवून भर घालू शकतो किंवा दुरुस्ती सुचवू शकतो, म्हणजे प्रकल्प शोधायला आलेल्या मुलाला ही यादीच पहिला प्रकल्प म्हणून चालते.

मात्र लेबल लावले त्या दिवशी मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, मदत हवी होती, एवढेच ते लेबल सांगते. आज तेथे कोणी उत्तर देते का, हे आपणच पाहायचे. जिंतूरहून येणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने असाच एक इश्यू निवडला. त्याखाली ‘हे काम मला द्या’ असे लिहून तिघे जण आधीच गायब झालेले होते, आणि तिच्या प्रश्नाला तीन आठवडे उत्तर आले नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम केला आहे की इश्यू वाचण्याआधी बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट उघडायच्या, शेवटच्या दहा पाहायच्या, त्यांतील किती बाहेरच्या लोकांच्या आहेत आणि पहिले उत्तर किती दिवसांनी आले ते वहीत लिहायचे. या कसोटीवर तिने निवडलेल्या दुसऱ्या प्रकल्पात, दस्तऐवजातील चुकलेली एक आज्ञा (कमांड) दुरुस्त करणारा तिचा बदल दोन दिवसांत स्वीकारला गेला.

दुसरी उणीव आमच्या भागात अधिक जाणवते. प्रकल्प उतरवून घ्यायला किती डेटा लागेल आणि तो चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर बिल्ड होईल का, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होईल का, याचा अंदाज या यादीतून येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या मुलाला फायरफॉक्स ब्राउझरचा संपूर्ण कोड जुन्या बदलांच्या इतिहासासह क्लोन करायला (उतरवून घ्यायला) लावणे म्हणजे त्याचा उत्साह पहिल्याच दिवशी घालवणे आहे. क्लोन करताना डेप्थ (इतिहासात किती मागे जायचे तो आकडा) एक ठेवली तर फक्त सर्वांत अलीकडची कमिट (कोडची नोंदवलेली अवस्था) उतरते आणि डेटा बराच वाचतो, हे मला अजूनही प्रत्येकाला तोंडी सांगावे लागते.

ज्यांची यंत्रे अगदीच जुनी आहेत, त्यांना मी या यादीऐवजी थेट भाषांतराकडे पाठवतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे पाँटून हे भाषांतराचे साधन ब्राउझरमध्येच चालते, तेथे फायरफॉक्ससाठी मराठी मजकूर सुचवता येतो आणि काहीही बिल्ड करावे लागत नाही. आमच्यातील एकाने पहिल्या संध्याकाळी अकरा ओळी सुचवल्या, आणि ‘बुकमार्क’ म्हणावे की ‘वाचनखूण’ यावर पुढच्या रविवारचा अर्धा तास गेला.