‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’: चित्रपटगृहातील आवृत्ती की विस्तारित आवृत्ती?

पीटर जॅक्सन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटत्रयीचा प्रत्येक भाग दोन रूपांत पाहता येतो. पहिले रूप डिसेंबर 2001, डिसेंबर 2002 आणि डिसेंबर 2003 मध्ये चित्रपटगृहांत प्रदर्शित झाले, तर दुसरे, म्हणजे विस्तारित आवृत्ती, त्या-त्या भागानंतर साधारण वर्षभराने डीव्हीडीवर आले. पुण्यात चार मित्र किंवा एखादे कुटुंब शनिवार-रविवार राखून ही त्रयी पाहायचे ठरवते, तेव्हा पहिला वाद हमखास याच मुद्द्यावर होतो, आणि त्या वादात मुरलेल्या चाहत्याचे उत्तर ठरलेले असते: विस्तारितच पाहा, दुसरे अर्धवट आहे. मी स्वतः या चित्रपटांचा जुना चाहता असूनही हा सल्ला सरसकट देण्यासारखा नाही, असे माझे मत आहे.

ज्यांनी त्रयी अजून पाहिलेली नाही आणि ज्यांना कथेतील वळणे आधी कळू द्यायची नाहीत, त्यांच्यासाठी निष्कर्ष इथेच सांगून टाकतो. पहिला भाग चित्रपटगृहातील आवृत्तीत पाहावा, दुसरा विस्तारित आवृत्तीत आणि तिसरा पुन्हा चित्रपटगृहातील आवृत्तीत. ज्या टॉल्कीन यांच्या कादंबरीवर ही त्रयी आधारलेली आहे, ती आधी वाचलेली असेल तर पहिला भागही विस्तारित घ्यायला हरकत नाही. कारणे सांगताना कथा उघड होणार असल्यामुळे नव्या प्रेक्षकांनी पुढचा मजकूर चित्रपट पाहून झाल्यावर वाचलेला बरा.

आधी वेळेचा हिशेब मांडू. चित्रपटगृहातील आवृत्तीत तीन भागांची लांबी अनुक्रमे 178, 179 आणि 201 मिनिटे, म्हणजे एकूण सव्वानऊ तासांपेक्षा किंचित अधिक आहे. विस्तारित आवृत्तीत पहिल्या भागात सुमारे अर्धा तास, दुसऱ्यात पाऊण तासाच्या आसपास आणि तिसऱ्यात जवळजवळ पन्नास मिनिटे वाढतात, आणि एकूण लांबी साडेअकरा तासांच्या घरात जाते. मी सुचवलेली मिसळण साधारण दहा तासांची होते. शनिवारी दुपारी पहिला भाग, संध्याकाळी दुसरा आणि रविवारी सकाळी तिसरा, अशी ती कोणत्याही घरात बसवता येते. दोन आवृत्त्यांतील दोन तासांचा फरक फारसा नाही, असे वरवर वाटते. तो नेमका कुठे पडतो, यावर मात्र सगळे अवलंबून आहे.

विस्तारित आवृत्तीला खुद्द जॅक्सन यांनी ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ असे नाव दिलेले नाही, ही गोष्ट चाहते सोयीस्करपणे विसरतात. निर्मात्यांनी दिग्दर्शकाच्या हातून चित्रपट काढून घेतला आणि नंतर त्याने तो मनासारखा जोडून दाखवला, असा प्रकार इथे घडलेला नाही. दोन्ही रूपे त्याच्याच देखरेखीखाली तयार झाली. आपल्याकडे संगीत रंगभूमीवर हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या हाताळला गेला आहे: ‘सौभद्र’सारखे 1882 सालचे नाटक पूर्वी रात्रभर रंगत असे, पुढे त्याच्या तीन तासांत बसणाऱ्या रंगावृत्त्या झाल्या, आणि भरत नाट्य मंदिरात अशी आवृत्ती पाहून बाहेर पडणाऱ्या नव्या प्रेक्षकाला आपण अपुरे नाटक पाहिले असे वाटत नाही. सगळी पदे पाठ असणाऱ्या रसिकाला मात्र गाळलेले प्रत्येक पद खटकते. त्रयीच्या बाबतीत आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. तिन्ही भागांचे चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये 1999 च्या ऑक्टोबरपासून 2000 च्या डिसेंबरपर्यंत एकत्र झाले असले, तरी संकलक प्रत्येक भागाला वेगळा होता: पहिल्याला जॉन गिल्बर्ट, दुसऱ्याला मायकेल हॉर्टन आणि तिसऱ्याला जेमी सेल्कर्क. तीन भागांची कापणी तीन हातांनी झालेली असताना तिन्हींबाबत एकच नियम लावण्याचे कारण मला दिसत नाही.

पहिला भाग, ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’, दोन्ही रूपांत उत्तम आहे, त्यामुळे इथे चूक होण्याची भीती कमी आहे. विस्तारित आवृत्तीत बिल्बो लिहायला बसतो आणि हॉबिट लोकांची ओळख स्वतः करून देतो. मोरियाच्या खाणीत गँडाल्फ मिथ्रिल या धातूचे मोल समजावून सांगतो. लोथलोरिएन हे एल्फांचे वन सोडताना गॅलाड्रिएल प्रत्येकाला भेट देते. गिम्लीने तिच्याकडे एक केस मागितला आणि तिने तीन दिले, हा प्रसंग त्यातलाच. मूळ आवृत्तीत आपल्याला दिसते ती मुख्यतः फ्रोडोला मिळालेली प्रकाशाची कुपी, आणि त्यामुळे सॅमकडची एल्फांची दोरी पुढच्या भागात अचानक उगवल्यासारखी वाटते. या भरीव गोष्टी आहेत. तरीही नव्या प्रेक्षकासाठी मी मूळ आवृत्ती सुचवतो, कारण पहिल्या तासात त्याला आधीच अंगठीचा इतिहास, शायर, जादूगार, काळे स्वार आणि डझनभर अनोळखी नावे पचवायची असतात, आणि काळे स्वार मागे लागल्यावर कथेला आलेला वेग विस्तारित आवृत्तीत दोन ठिकाणी मंदावतो: एकदा वनातून निघून चाललेले एल्फ दिसतात तेव्हा, आणि एकदा ॲरागॉर्न रात्री ल्युथिएनचे गीत गुणगुणतो तेव्हा. दोन्ही प्रसंग सुंदर आहेत. ते दुसऱ्यांदा पाहताना अधिक सुंदर वाटतात. कादंबरी वाचलेल्याला ही अडचण नाही. ज्यांना ती मराठीतून वाचायची आहे, त्यांच्यासाठी मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने पुण्याच्याच डायमंड पब्लिकेशन्सने प्रसिद्ध केला आहे.

दुसऱ्या भागाबाबत, ‘द टू टॉवर्स’बाबत, माझे मत ठाम आहे. चित्रपटगृहातील आवृत्तीत फारामिर हा माणूस कळतच नाही. कादंबरीतला फारामिर अंगठीचा मोह नाकारतो आणि फ्रोडोला जाऊ देतो. चित्रपटातला फारामिर त्याला बंदी करून ऑस्गिलिआथ या शहरापर्यंत फरफटत नेतो आणि मग एकाएकी मन बदलून सोडून देतो. कादंबरीच्या वाचकांनी या बदलावर केलेली टीका मूळ आवृत्तीपुरती रास्तच आहे. विस्तारित आवृत्तीत मात्र काही मिनिटांचा एक पूर्वप्रसंग आहे: ऑस्गिलिआथ परत जिंकल्यानंतर बोरोमिर आणि फारामिर हे भाऊ आनंदात असताना त्यांचा बाप डेनेथॉर येतो, थोरल्याचे कौतुक करतो, धाकट्याला सर्वांदेखत हिणवतो आणि अंगठी आणण्याच्या कामगिरीवर बोरोमिरला पाठवतो. ‘मी जातो’ असे फारामिर म्हणतो, तेव्हा ‘स्वतःची योग्यता दाखवण्याची संधी’ अशा शब्दांत बाप त्याची टर उडवतो. पुढे गुहेत अंगठी हाताशी आल्यावर फारामिर तेच शब्द स्वतःशी उच्चारतो. मूळ आवृत्तीत ते वाक्य महत्त्वाकांक्षी सरदाराचे वाटते. इथे ते बापाच्या तोंडून ऐकलेल्या अपमानाचे ओझे घेऊन येते, आणि त्याचे वागणे चुकीचे असले तरी समजण्याजोगे होते.

याच एका प्रसंगामुळे तिन्ही भाग एकमेकांशी अधिक घट्ट जोडले जातात. पहिल्या भागात बोरोमिर अंगठीसाठी का झुरला, याचे अर्धे उत्तर बापाच्या अपेक्षेत सापडते, आणि तिसऱ्या भागात डेनेथॉर धाकट्या मुलाला मरणाच्या तोंडी पाठवतो, तेव्हा त्या घराची रीत आपल्याला आधीपासून ठाऊक असते. मूळ आवृत्त्या पाहणाऱ्याला डेनेथॉर थेट तिसऱ्या भागात भेटतो आणि निव्वळ दुष्ट म्हाताऱ्यासारखा वाटतो. दुसऱ्या भागातील इतर भर कमीअधिक महत्त्वाची आहे. राजपुत्र थेओड्रेडच्या अंत्यविधीला एओविनने गायलेला शोक मला आवश्यक वाटतो, कारण रोहानचे राजघराणे त्यामुळे जिवंत होते. ॲरागॉर्नचे वय 87 असल्याचा उलगडा आणि एओविनने रांधलेला बेचव रस्सा तो निमूटपणे गिळतो हा प्रसंग हलकाफुलका आहे. लढाईनंतर गिम्लीने 43 आणि लेगोलसने 42 शत्रू मारल्याचा निकाल कळला नसता तरी चालले असते. मात्र हेल्म्स डीप या गडावरच्या लढाईतून पळालेली शत्रूसेना झाडांच्या रानात शिरते आणि बाहेर येत नाही, हे फक्त इथेच दिसते, आणि त्यामुळे एवढ्या मोठ्या सेनेचे पुढे काय झाले हा प्रश्न उरत नाही.

तिसरा भाग, ‘द रिटर्न ऑफ द किंग’, हा खरा वादाचा विषय आहे. चित्रपटगृहातील आवृत्तीने ऑस्करच्या 11 नामांकनांपैकी सर्वच्या सर्व 11 पुरस्कार मिळवले आणि त्यांत सेल्कर्क यांचा संकलनाचा पुरस्कारही होता. अर्थात पुरस्कार हा माझ्या निवडीचा आधार नाही. विस्तारित आवृत्तीतील भरीपैकी बरीचशी भर कथेचे नुकसान करते, हा आहे. सर्वांत ठळक उदाहरण मृतांच्या सेनेचे. मूळ आवृत्तीत ॲरागॉर्न डोंगराच्या पोटात मृतांच्या राजासमोर उभा राहून त्याचे उत्तर मागतो, आणि ते उत्तर आपल्याला न ऐकवताच दृश्य तुटते. मिनास तिरिथ हे शहर पडण्याच्या बेतात असताना शत्रूची म्हणून ज्यांची वाट पाहिली जात असते, त्या जहाजांतून तो उडी मारून उतरतो, तेव्हाच उत्तर कळते. विस्तारित आवृत्तीत कवट्यांचा लोंढा कोसळतो, राजा लढायला तयार झाल्याचे सांगून टाकतो, वर नदीवरच्या चाच्यांशी गाठही दाखवली जाते, आणि बंदरावरचा तो क्षण पूर्णपणे फुकट जातो. कवट्यांचे दृश्य तर मला थरारकही वाटत नाही.

दुसरे उदाहरण मुख्य शत्रू सॉरॉनच्या दूताचे. काळ्या दरवाज्यातून येणारे ते विद्रूप तोंड पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. पण वाटाघाटीला आलेल्या दूताचे मस्तक ॲरागॉर्न एका घावात उडवतो, आणि ‘दूत अवध्य असतो’ हे बिभीषणाने रावणाला सांगितलेले वचन लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्या प्रेक्षकाला, ज्याला आता राजमुकुट मिळणार आहे त्याच्याकडून असे कृत्य झालेले पाहून अस्वस्थ वाटल्याशिवाय राहत नाही. कादंबरीत हा दूत जिवंत परत जातो. शिवाय फ्रोडो जिवंत असल्याचे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे दूताने त्याचा अंगरखा दाखवण्यातला धक्काही उरत नाही. तसेच विच-किंग गँडाल्फची काठी मोडतो तो प्रसंग: श्वेत झालेल्या गँडाल्फचे सामर्थ्य त्यामुळे विनाकारण उणावते.

या भागात विस्तारित आवृत्तीच्या बाजूने दोन प्रबळ मुद्दे आहेत, आणि ते मान्य केले पाहिजेत. पहिला सरुमानचा. दोन भाग ज्याने खलनायक म्हणून गाजवले, तो मूळ आवृत्तीत पडद्यावर येतच नाही. तो मनोऱ्यात कोंडलेला आहे एवढेच सांगितले जाते, आणि पिपिनला पाण्यात सापडलेला गोळा तिथे कसा आला हे कळत नाही. सरुमानची भूमिका करणारे क्रिस्टोफर ली हे दृश्य वगळल्यामुळे इतके नाराज झाले होते की ते पहिल्या खेळाला गेले नाहीत. विस्तारित आवृत्तीत सरुमानचाच चाकर वर्मटंग त्याला भोसकतो आणि तो मनोऱ्यावरून खाली पडतो. दुसरा मुद्दा एओविन आणि फारामिर यांचा: शुश्रूषागृहात त्यांची भेट होते हे पाहिल्याशिवाय राज्याभिषेकाच्या वेळी ते शेजारी का उभे आहेत, हे समजत नाही. माझ्या मते यावर उपाय सोपा आहे. सरुमानचे दृश्य विस्तारित आवृत्तीच्या अगदी सुरुवातीच्या भागात आहे. ते तेवढे आधी पाहून घ्यावे आणि मग मूळ आवृत्तीकडे वळावे. एओविनचे दृश्य मात्र मध्येच असल्यामुळे ते नंतरसाठी राखून ठेवावे लागते, आणि ही किंमत मी मोजायला तयार आहे.

आता आवृत्ती ओळखण्याविषयी. ऑनलाइन मंचांवर नाव बहुधा एकच असते, म्हणून नावाखाली छापलेली लांबी पाहावी: पहिला भाग तीन तासांच्या आत असेल तर तो मूळ, साडेतीन तासांच्या आसपास किंवा पुढे असेल तर विस्तारित. डिस्कवर आकडा याहूनही मोठा दिसला तर गोंधळू नये; विस्तारित आवृत्तीच्या श्रेयनामावलीनंतर चाहता-मंडळाच्या सदस्यांची नावे कित्येक मिनिटे सरकत राहतात, आणि तो वेळही त्यात धरलेला असतो. ब्लू-रे विकत घ्यायचे असेल तर 2011 साली आलेल्या विस्तारित संचातील पहिल्या भागावर हिरवट छटा असल्याची तक्रार चाहत्यांनी त्याच वेळी केली होती, हे लक्षात ठेवावे. 2020 मध्ये आलेल्या फोर-के संचात रंग नव्याने बसवले आहेत आणि त्यात दोन्ही आवृत्त्या मिळतात. माझ्यासारखी मिसळण करणाऱ्याला तोच संच सोयीचा. विस्तारित आवृत्ती प्रत्येक भागासाठी दोन डिस्कवर विभागलेली असते, आणि पहिल्या भागात एल्रॉन्डची सभा संपताच डिस्क बदलावी लागते. आपल्याकडे इंग्रजी चित्रपटाला भलत्याच ठिकाणी पाडलेले मध्यंतर सोसलेल्या प्रेक्षकाला ही जागा फार आवडेल.

हॉवर्ड शोर यांनी विस्तारित आवृत्तीसाठी जादा संगीत नव्याने रचले, त्यामुळे वाढीव दृश्यांत संगीताचे ठिगळ कुठेही जाणवत नाही. एकच व्यावहारिक सूचना: दुसऱ्या भागातली हेल्म्स डीपची लढाई दीर्घ आणि गोंगाटाची आहे, आणि सदनिकेत राहणाऱ्यांनी ती रात्री दहाच्या आत संपेल अशा बेताने, म्हणजे संध्याकाळी साडेपाचलाच, चित्रपट सुरू करावा.